न्यूटच्या टँकमध्ये इंटरनल फिल्टर आणि ठिबकच्या पाइपचा स्प्रे बार : पावसाळा ते उन्हाळा वापरून

पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला तसा काही अर्थ नसतो, म्हणून एवढे महिने थांबलो. मागच्या पावसाळ्यात लावलेला सेटअप आहे, आता कोल्हापुरात वळवाचे ढग दिसायला लागलेत तरी तोच चालू आहे. दोन फुटी टँक, पाणी नऊच इंच भरलंय म्हणजे जेमतेम ४० लिटर, त्यात तीन चायनीज फायर बेली न्यूट (पालीसारखे दिसणारे, पाण्यात राहणारे बेडकाच्या गटातले उभयचर), आणि तासाला ४०० लिटरवाला साधा इंटरनल, म्हणजे पाण्यातच बुडवून ठेवायचा फिल्टर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या रेंजमधले बहुतेक फिल्टर सारखेच असतात आणि सगळ्यांची बोंब एकच, फ्लो कमी करायचं बटण एकदम शेवटाला नेलं तरी पाणी धारेनं येतं.

आता न्यूटला ही धार का चालत नाही ते आधी सांगतो. हे प्राणी मूळचे चीनमधल्या तळ्यांतले, भातखाचरांतले, म्हणजे जवळजवळ थांबलेल्या पाण्यातले. मासा जसा प्रवाहात पोहत राहतो तसं यांना जमत नाही, हे तळावरून चालणारे जीव. श्वास घ्यायला वर येतात तेव्हा सरळ वर यायचं, तोंड बाहेर काढून हवा गिळायची आणि खाली जाताना तोंडातून एखादा बुडबुडा सोडायचा, असा त्यांचा शांत कार्यक्रम असतो. धार असली की वर येतानाच आडवे ढकलले जातात, शेपूट सारखी हलवून तोल सांभाळतात, आणि मग कोपऱ्यात फिल्टरच्या मागं जाऊन बसतात नाहीतर पाणी सोडून दगडावर चढून बसतात आणि उतरायचं नावच घेत नाहीत. दगडावर बसलेला न्यूट बघून लोकांना वाटतं की त्याला जमीन आवडते, पण कायम पाण्यात राहणारा मोठा न्यूट दिवसदिवस बाहेर बसत असेल तर आधी पाणी तपासा आणि मग फ्लो.

माझं ठाम मत असं झालंय की फ्लो कमी करत बसू नका, फ्लो पसरवा. बटण आवळलं की स्पंजमधून जाणारं पाणीच कमी होतं, अमोनिया खाणाऱ्या बॅक्टेरियांपर्यंत घाण पोचत नाही, वर तेलकट साय धरते, आणि न्यूट तर घाण करण्यात कमी नाहीत, गांडूळ खाऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी बघा तळ. पाणी तेवढंच फिरू दे, पण बाहेर पडायचं तोंड मोठं करा. हिशोब सोपा आहे. १२ एमएमच्या नोझलचं तोंड साधारण ११३ चौरस एमएम, त्यातून तासाला ४०० लिटर म्हणजे सेकंदाला जवळपास एक मीटर वेग. तेच पाणी ३ एमएमच्या ३६ भोकांतून सोडलं तर तोंड होतं २५० च्या वर, वेग निम्म्याहून खाली येतो, आणि बारीक धारा तशाही थोड्या अंतरातच विरून जातात, जाड धार मात्र टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

स्प्रे बार, म्हणजे ओळीनं भोकं असलेली नळी, विकत मिळतो, पण आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात ठिबकचं सामान असताना कशाला? १६ एमएमची प्लेन लॅटरल (ठिबकची नळी) घ्यायची, ड्रिपर आत बसवलेली इनलाइन नको, एक एंड कॅप आणि टेफ्लॉन टेप, झालं. मामांच्या रानात जुन्या लॅटरलचे ढीग पडलेत, तरी मी नवीनच आणली, कारण जुन्या पाइपमधून खतं सोडलेली असतात आणि न्यूटची कातडी पाण्यातलं काहीही आत ओढून घेते. भोकं उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल प्रेसवर पाडून घेतली, काका म्हणाले एवढ्याशा कामाचे कसले पैसे. एका ओळीत भोकं, बार पाण्याच्या लेव्हलच्या किंचित खाली आणि भोकांची तोंडं मागच्या काचेकडं. पाणी काचेवर आपटून खाली पसरतं, पुढचा सगळा भाग शांत. काळा पाइप आहे, मागं दिसतही नाही.

फरक कसा ओळखायचा? वितळलेले चार ब्लडवर्म (खाऊ म्हणून गोठवून मिळणाऱ्या लाल अळ्या) सोडा. आधी ते गरागरा फिरून फिल्टरला जाऊन चिकटायचे, आता टाकले तिथंच खाली बसतात आणि न्यूट वास घेत घेत येऊन टिपतात. हिवाळ्यात तर लै भारी गोष्ट बघायला मिळाली, नर मादीपुढं आडवा होऊन शेपूट दुमडून तिचं टोक थरथरवत उभा. तो त्या शेपटीनं वास तिच्याकडं ढकलत असतो. यांच्या जवळच्या जपानी जातीत या वासाचं द्रव्य, सोडेफ्रिन, १९९५ मध्ये शोधलं गेलं. धारेत हा वास मादीपर्यंत पोचणार कसा, तुम्हीच सांगा. नंतर मादीनं मागच्या पायांनी पानं दुमडून एकेक अंडं चिकटवलं. मी तासभर टँकपुढून हललो नाही.

आता कटकटी. भोकांत बुळबुळीत थर धरतो, टूथब्रश फिरवावा लागतो, विसरलं की दोन-चार भोकांतून जोरात धार सुटते आणि मूळ त्रास परत चालू. इनटेकवर, म्हणजे फिल्टर पाणी ओढतो त्या तोंडावर, जाड स्पंज हवाच, नाहीतर पाय-शेपूट ओढली जाते, आणि तो स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरला तर क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात. वायर आणि पाइप म्हणजे न्यूटला पळून जायची शिडीच, झाकणातली फट बंद करा.

सगळ्यात मोठा प्रॉब्लेम उन्हाळा. पाण्यात बुडालेली मोटर थोडी का होईना उष्णता देते, आणि यांना २२ डिग्रीच्या वर जास्त दिवस राहिलं की त्रास होतो. आमचं मंगळवार पेठेतलं जुनं घर, मागची खोली गार, तरी एप्रिलमध्ये पाण्यावर छोटा फॅन लावून दोन-तीन डिग्री उतरवावे लागले, वर दुपारी बर्फाची बाटली. त्या दिवसांत दुपारपुरता इंटरनल बंद करून एअर पंपवरचा स्पंज फिल्टर चालवला, त्याची मोटर बाहेर असते त्यामुळं पाणी तापत नाही आणि बुडबुडे कमी ठेवले की फ्लोही मवाळ. तो पहिल्यापासून टँकमध्येच चालू होता म्हणून त्यात बॅक्टेरिया तयार होते, नवा कोरा स्पंज ऐन उन्हाळ्यात टाकून भागत नाही. लाइट गेली की तोच बॅटरीच्या पंपावर टाकतो. पंप पाण्याच्या लेव्हलखाली असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पाणी उलटं पंपात येतं.

एक मात्र बघून घ्या. दुकानात फायर बेली म्हणून कधी कधी पॅचिट्रायटन नावाचा दुसराच न्यूट देतात, तो डोंगरातल्या ओढ्यांमधला, त्याला वाहतं पाणीच लागतं आणि त्याच्यासाठी हा सेटअप उलटा पडेल. त्याची कातडी एकदम गुळगुळीत, डोकं रुंद-चपटं आणि शेपूट वल्ह्यासारखी असते, आपल्या फायर बेलीची कातडी त्यामानानं बारीक दाणेदार. घेतानाच नीट निरखून घ्या आणि मगच पाइपला भोकं पाडायला जा.