ओल्मेसार्टन, मिनोसायक्लिन की कमी मात्रेतलं नाल्ट्रेक्सोन?

सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत व इतर अवयवांत दाहाच्या गाठी होणं), आमवात, क्रोन्स (आतड्यांचा दाह) अशा जुनाट दाहाच्या आजारात नेहमीच्या औषधांचा गुण येईनासा झाला, की माणूस दुसरी वाट शोधतो, आणि ते साहजिकच आहे. त्या वाटेवर ही तीन नावं हमखास भेटतात. तिन्ही ॲलोपॅथीतलीच औषधं आहेत. 'पर्यायी' आहे तो त्यांचा वापर.

पहिली दोन बहुधा जोडीनं दिली जातात, ट्रेव्हर मार्शल या संशोधकांनी मांडलेल्या 'मार्शल प्रोटोकॉल' या उपचारपद्धतीत. पेशींत दडलेले जिवाणू 'ड' जीवनसत्त्वाच्या ग्राहकाला (पेशीतल्या रिसेप्टरला) निकामी करतात, ओल्मेसार्टन तो पुन्हा जागा करतं आणि मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक जिवाणूंना दुबळं करतं, अशी ही मांडणी. ऐकायला पटते, पण नियंत्रित चाचणीतून ती सिद्ध झालेली नाही.

ओल्मेसार्टन हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध. त्यासाठी दिवसाला जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम देतात. इथे तेवढंच दर सहा ते आठ तासांनी, म्हणजे तिप्पट-चौपट. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, पोटॅशियम वाढणं, मूत्रपिंडावर ताण येणं हे धोके आहेतच; गरोदरपणात तर हे औषध चालतच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये आणखी एक इशारा दिला: काही जणांना महिन्यांनी, कधी वर्षांनी, न थांबणारे जुलाब लागतात आणि वजन घटतं. क्रोन्सच्या रुग्णाला हे आपल्या आजाराचंच लक्षण वाटेल.

माझा मोठा आक्षेप पुढचा आहे. त्रास वाढला तर 'जिवाणू मरताहेत, उपचार लागू पडतोय' असं सांगितलं जातं. बरं वाटलं तरी उपचार बरोबर, बिघडलं तरी बरोबर. मग थांबायचं कधी, हे रुग्णाला कळणार कसं? त्यात 'ड' जीवनसत्त्व टाळायला सांगतात. सार्कॉइडोसिसमध्ये कॅल्शियम खरोखर वाढू शकतं, म्हणून तिथे हे जीवनसत्त्व तपासणी करूनच घ्यावं. पण ज्यांची हाडं स्टिरॉइडनं आधीच ठिसूळ झाली आहेत, त्यांना हे पथ्य महागात पडू शकतं.

मिनोसायक्लिनला थोडा तरी आधार आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आमवाताच्या २१९ रुग्णांपैकी निम्म्यांना हे औषध १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ४८ आठवडे दिलं. सांध्यांची सूज खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरली, फरक मात्र माफक होता. प्रोटोकॉलमध्ये ते कमी मात्रेत, एक दिवसाआड देतात. त्यामुळे या चाचणीचं श्रेय त्याला देता येत नाही. दीर्घकाळ घेतल्यास नडगीवर, हिरड्यांवर निळसर-काळे डाग पडतात. क्वचित यकृताला सूज येते किंवा ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजारच उद्भवतो.

नाल्ट्रेक्सोन व्यसनमुक्तीसाठी ५० मिलिग्रॅम देतात, इथे १.५ ते ४.५, बहुधा रात्री. सुरुवातीला स्वप्नं फार स्पष्ट पडतात, झोप मोडते. एरवी तिघांत हेच सौम्य. क्रोन्सवरच्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. फायब्रोमायल्जियावर (अंगभर दुखण्याच्या जुनाट आजारावर) मात्र २०२४ मध्ये आलेल्या डॅनिश चाचणीत, ९९ महिलांमध्ये, वेदनेत खोट्या गोळीहून ठोस फरक दिसला नाही. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक चालू असेल तर हे घेऊच नका; त्या वेदनाशामकाचा असर जाईल, वर विथड्रॉवलचा (औषध एकदम तुटल्यासारखा) त्रास होईल.

मला विचाराल, तर ओल्मेसार्टनच्या चढ्या मात्रेला मी सरळ नाही म्हणेन. मिनोसायक्लिनचा विचार आमवातात, तोही संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली. नाल्ट्रेक्सोन तीन महिने घेऊन पाहायला हरकत नाही, पण चालू औषधांच्या जोडीला. आमवातात नेहमी दिलं जाणारं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट सांध्यांची झीज रोखतं. या तिघांपैकी कुणीही ते खात्रीनं करत नाही, आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. कोणतंही नवीन औषध सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. आणि बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड एकदम सोडू नका: शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात जिवावर बेतू शकतं.