रोलेक्स सबमरिनरसारखं दिसणारं चायनीज घड्याळ की स्वतः जोडलेलं? दोन्ही वापरून झाल्यावर लिहितेय

आधी एक गोष्ट सांगून टाकते, दोन्ही घड्याळांच्या आत जवळपास एकच मशीन आहे. विकत घेतलेल्यात सेकोचं एनएच३५, मी जोडलेल्यात एनएच३८, म्हणजे तेच, फक्त तारीख नाही. सेकंदाला ६ ठोके, तासाला २१,६००, चावी पूर्ण भरली की साधारण ४१ तास चालतं, आणि दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद फरक चालायचाच असं कंपनीच सांगते. त्यामुळे कस्टम, म्हणजे स्वतः जोडलेल्या घड्याळाचं मशीन भारी असतं वगैरे कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. फरक आहे तो बाहेरच्या सगळ्यात, आणि तुमच्या हाताला काय बसतं त्यात.

माझं मनगट साडेपाच इंची. दुकानात गेलं की लेडीज म्हणून जे दाखवतात त्यात खडे असतात आणि आत बॅटरीचा सेल असतो. ऑटोमॅटिक मागितलं की सरळ जेंट्सच्या काउंटरला पाठवतात, आणि तिथे ४० एमएमच्या खाली फारसं काही नसतं.

पहिलं घड्याळ घेतलं ते असंच ४० एमएमचं, रोलेक्स सबमरिनरच्या तोंडवळ्याचं. ब्रँडचं नाव घेत नाही कारण पुढे तक्रारी आहेत. सबमरिनर १९५३ पासूनचं, आणि तो चेहरा तेव्हापासून इतक्या कंपन्यांनी उचललाय की आता तो डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाचा नेहमीचाच चेहरा झालाय. पण हे फर्स्ट कॉपी नाही हं. फर्स्ट कॉपीवर रोलेक्सचं नाव आणि मुकुट असतो, ती सरळसरळ बनावट वस्तू. होमेजवाले, म्हणजे नुसता चेहरा उचलणारे, स्वतःचं नाव छापतात, पगानी डिझाइन, सॅन मार्टिन, स्टीलडाइव्ह हे सगळे त्यातलेच. आणि हे जे चाललंय ना की चेन घड्याळाच्या पेटीतच मिसळलेली दिसली की लगेच ऑडेमार्स पिगेच्या रॉयल ओकची कॉपी, ते पण जरा आवरा. रॉयल ओक १९७२ चं, जेराल्ड जेंटाचं डिझाइन, मान्य, पण टिसोचं पीआरएक्स हे टिसोच्याच १९७८ च्या घड्याळावरून २०२१ मध्ये परत आणलेलं आहे.

असो. आठ-साडेआठ हजारात जे मिळालं ते पाहून पहिले काही आठवडे मी खूशच होते. सफायरची काच, त्यामुळे लोकलच्या दांड्याला, ऑफिसच्या ड्रॉवरला, किचन ओट्याला आपटूनसुद्धा काचेवर एक ओरखडा नाही. काचेभोवतीची सिरॅमिकची रिंग तशीच चकाचक. स्क्रू होणारी चावी, पावसाळा पूर्ण निघाला, आत बाष्प नाही. एवढी केस, म्हणजे बाहेरची पेटी, आणि एवढी चेन या पैशात वेगवेगळी घ्यायला गेलात तर मिळणारच नाही, हे मी नंतर सुटे पार्ट शोधताना नीट कळून सांगतेय.

आता तक्रारी. रिंगवरचा त्रिकोण बाराच्या रेषेत नाही, किंचित डावीकडे, आणि एकदा दिसला की रोज दिसतो. अंधारात चमकायचं ते अर्ध्या तासात संपतं. चेनचं क्लास्प हलकं पत्र्याचं, टाइप करताना टेबलावर खटखट वाजतं. विक्रेत्याला मेसेज केला तर पाच डॉलरचं कूपन देतो म्हणाला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे साइज. आकडा ४० एमएमचा पण पट्टा अडकतो त्या वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंत ४८, माझ्या मनगटाच्या दोन्ही कडांवरून बाहेर येतं. घेताना नुसता रुंदीचा आकडा बघू नका, हा दुसरा आकडा बघा.

दुसरं मग जोडायला घेतलं ते त्यासाठीच. ३६ एमएमची साधी केस, काळी डायल, ३-६-९ चे आकडे, तारीख नाही. तारीख नको असेल तर एनएच३८च घ्या, लोक स्वस्त पडतं म्हणून एनएच३५ वर बिनतारखेची डायल लावतात आणि मग चावी ओढली की मध्ये एक रिकामा टप्पा लागतो जिथे न दिसणारी तारीख बदलत बसते. काहींना फरक पडत नाही, मला पडतो.

खर्च ऐकून घ्या म्हणजे स्वस्तात होतं हा भ्रम जाईल. मशीन साडेतीन-चार हजार, सफायरवाली केस पाच हजारांच्या आसपास, डायल आणि काटे मिळून तीन, लेदरचा पट्टा हजार. वर हत्यारं, म्हणजे चांगले चिमटे, काटे बसवायचं प्रेस, भिंग, ब्लोअर, मागचं झाकण उघडायची चावी, हे आणखी तीन हजार. अलीएक्सप्रेस आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंद, त्यामुळे पार्ट इकडून तिकडून गोळा करावे लागतात आणि कुरियरने आले की कस्टम ड्युटी वेगळी. एका ठिकाणाहून आलेल्या डायलवर सेकोचं नाव छापलेलं निघालं, मागवली होती कोरी. परत पाठवली. सेकोने न बनवलेल्या डायलवर सेको लिहायचं म्हणजे मग फर्स्ट कॉपीला नावं कशाला ठेवायची.

जोडायचं काम वाटतं तितकं अवघड नाही पण नाजूक आहे. मे महिना, पंखा बंद, कारण पंखा चालू असला की धूळ थेट डायलवर. बोटांना रबरी टोप्या, कपाळावरून घाम. डायलच्या मागचे दोन पाय मशीनच्या भोकात बसायला हवेत, आणि इथे घेतानाच बघायचं की पाय तीनच्या आकड्यापाशी असणाऱ्या चावीसाठी आहेत की चारपाशी असणाऱ्या, कारण सेकोच्या जुन्या एसकेएक्स डायव्हरची चावी तिरकी, चारच्या जवळ असायची आणि बऱ्याच डायली त्या हिशोबाने येतात. तासकाट्याचं भोक दीड एमएम, मिनिटाचं ०.९, सेकंदकाट्याचं ०.२०. हा शेवटचा काटा म्हणजे केसाएवढी नळी, ती टोकावर नुसती टेकवायची, भिंगातून सरळ उभी आहे का बघायचं आणि मगच दाबायचं, तिरकी असताना दाबली तर नळी चपटी होते आणि काटा गेला. तिन्ही काटे बाराला लावून मग चावीने पूर्ण बारा तास फिरवून बघायचं की कोणी कोणाला घासत नाही ना. चावीची दांडी लांब येते, ती थोडी थोडी कापत जायचं. जास्त कापली की नवीन दांडी.

चाल लावणं हा मात्र मजेचा भाग. फोनमध्ये टाइमग्राफरचं, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणारं ॲप, माइकवर घड्याळ ठेवायचं, मागे-पुढे डोलणाऱ्या बॅलन्स चाकाजवळ दोन बारीक पाती असतात, त्यातलं फक्त एक, ज्याच्याजवळ अधिक-उणेची खूण आहे ते, टूथपिकने नखभर सुद्धा नाही इतकं सरकवायचं. दुसऱ्याला हात लावायचा नाही, त्याने ठोक्याचा तोल बिघडतो. माझं आता दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातं. विकतचं पंधरा-सोळा जायचं, त्याचंही झाकण उघडून तसंच केलं, तेही सुधारलं. मॅग्नेटच्या बटणाच्या पर्सपासून मात्र दोन्ही लांब ठेवा, बॅलन्सच्या स्पायरल स्प्रिंगच्या वेढ्यांना मॅग्नेट लागला की घड्याळ दिवसाला मिनिटं मिनिटं पळायला लागतं.

गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांना दाखवलं. उलटंपालटं करून म्हणाले, "ताई, हे तर आम्ही कधीपासून करतोय, तुम्ही आता त्याला कस्टम म्हणता." खरंच आहे. जुन्या एचएमटी आणि सेको ५ ची मशीन घेऊन वर भडक रंगवलेली नवी डायल लावलेली घड्याळं जगभरचे शौकीन मुंबई स्पेशल म्हणून ओळखतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. काकांनी केसचं सील मात्र बदलून दिलं आणि पाण्यात घालू नका म्हणून बजावलं. प्रेशर टेस्ट झालेली नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी ते विकतचंच घालते, वाजणाऱ्या क्लास्पसकट.

बाकीचे आठ महिने हातात ३६ वालं असतं. ते मनगटावर आहे हे विसरायला होतं, शर्टाच्या बाहीत अडकत नाही, आणि डायलवर कोणाचंच नाव नाही याची मला आता इतकी सवय झालीय की बाकीची घड्याळं गजबजलेली वाटतात. बारकाईने बघितलं तर पाचच्या खुणेपाशी काचेखाली एक धुळीचा कण आहे. उघडणार नाही, एक काढायला जावं आणि दोन आत यावेत असा तो प्रकार असतो.

बहीण मागे लागलीय की मलाही एक करून दे. तिला म्हटलं, तुझं मनगट साडेसहा इंची आहे, तू ते चाळीसचंच घे, कमी पैशात जास्त घड्याळ मिळेल. आणि विकायचा विचार असेल तर कोणतंच घेऊ नका. होमेजला निम्मे तरी येतात, जोडलेलं दाखवलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, कंपनी कोणती, आणि मग पट्ट्यासकट मशीनचा भाव सांगतो.