क्यूएमू-केव्हीएमवर जुने विंडोज एक्सपी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमचे पुस्तकांची अक्षरजुळणी करून प्रेसला पीडीएफ देणारे छोटे डीटीपी केंद्र आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची आमची सगळी पुस्तके पेजमेकर या जुन्या पानजुळणी सॉफ्टवेअरच्या फाइलींत आणि जुन्या, बिगर-युनिकोड मराठी फॉन्टांत अडकलेली आहेत. दुसरी आवृत्ती काढायची म्हटले की तीच फाइल उघडावी लागते, कारण नव्या प्रणालीत तो मजकूर आणला की रफार आणि जोडाक्षरे जागा सोडतात. हे काम करणारा विंडोज एक्सपीचा जुना संगणक मदरबोर्ड जळून बंद पडला, तेव्हा डिसेंबर 2024 मध्ये मी डेबियन 12 या लिनक्स प्रणालीवर क्यूएमू आणि केव्हीएमच्या साहाय्याने आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक, उभारले. तेव्हापासून ते रोजच्या कामात आहे.

ज्यांना या नावांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्यूएमू हा फ्रेंच प्रोग्रामर फाब्रीस बेलार यांनी 2003 मध्ये सुरू केलेला प्रकल्प असून तो संपूर्ण संगणकाची, म्हणजे डिस्क, यूएसबी, स्क्रीन या सगळ्याची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करतो. केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्यातला भाग फेब्रुवारी 2007 मध्ये 2.6.20 या आवृत्तीसोबत आला आणि त्यामुळे आतल्या प्रणालीच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. या दोहोंवर आभासी यंत्रांचा कारभार पाहणारे लिबव्हर्ट आणि त्यावर ती माउसने हाताळण्यासाठी व्हर्ट-मॅनेजर ही खिडकी, अशी ही उतरंड आहे.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. यंत्राचा प्रकार निवडताना ‘क्यू35’ हा नवा चिपसेट आणि साटा डिस्क घेतली, आणि एक्सपीने निम्म्या वाटेत 7बी क्रमांकाची निळी स्क्रीन दाखवली, कारण त्या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नसतोच. ‘आय440एफएक्स’ हा जुना चिपसेट आणि आयडीई डिस्क दिल्यावर मात्र काही कुरकुर न करता सगळे बसले. मूळ चिपसेट इंटेलने 1996 मध्ये आणला होता. त्याची नक्कल आजही कोणीतरी दुरुस्त करत बसले आहे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

खरा त्रास फॉन्ट-सॉफ्टवेअरच्या यूएसबी लॉकने, म्हणजे जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही त्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीने, दिला. लॉक खऱ्या संगणकाला लावायचे आणि तेथून आतल्या एक्सपीला सोपवायचे, हे व्हर्ट-मॅनेजरमध्ये चार क्लिकचे काम आहे. परंतु लॉक लावलेले नसले तर यंत्र सुरूच होण्यास नकार देते, आणि एकदा नेमके प्रूफ द्यायच्या सकाळी लॉक माझ्या घरच्या टेबलावर राहिले होते. लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे यंत्राची रचना नोंदलेल्या फाइलीत, त्या उपकरणाची स्टार्टअप-पॉलिसी ‘ऑप्शनल’ केली की यंत्र लॉकविना सुरू होते. हा एक शब्द खिडकीत कोठेही दिसत नाही, हाताने लिहावा लागतो.

या चौदा महिन्यांत मला सर्वांत जास्त समाधान दिले ते ऑक्टोबर 2025 मधील बदलाने. डेबियन 13 वर आलो तेव्हा क्यूएमू 7.2 वरून एकदम 10.0 वर गेले. एवढ्या मोठ्या उडीनंतर एक्सपीला हार्डवेअर बदललेले दिसेल, ते पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करील, अशी धास्ती होती. तसे काही झाले नाही, कारण यंत्राच्या एक्सएमएलमध्ये ‘पीसी-आय440एफएक्स-7.2’ असे आवृत्तीसह नाव नोंदलेले होते आणि नवे क्यूएमू त्या नावाच्या यंत्राला 7.2 च्या काळातलेच हार्डवेअर दाखवत राहते. आतल्या एक्सपीला बाहेर काही घडल्याचा पत्ताही लागला नाही. क्यूएमूच्या विकासकांना दर वर्षी एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या सुमारास नवी आवृत्ती काढत असताना जुन्या प्रत्येक नावाचा हा शब्द पाळणे किती किचकट असेल, याची कल्पना वापरणाऱ्याला सहसा येत नाही.

हा शब्द कायमचा मात्र नाही, आणि तसे ते स्पष्ट सांगतात. एखादी सुविधा काढायची असेल तर ती आधी ‘कालबाह्य’ यादीत जाते आणि किमान दोन आवृत्त्या तेथे राहते. यंत्रांच्या नावांसाठी मुदत अधिक, म्हणजे तीन वर्षांनी इशारा आणि सहा वर्षांनी गच्छंती. त्या हिशेबाने माझे 7.2 चे यंत्र 2028 च्या अखेरीस जाईल. मला हे पटते. आपल्याकडे एखादे सॉफ्टवेअर बंद झाल्याचे ते उघडेनासे झाल्यावरच कळते. येथे तारीख आधी हातात मिळते, मात्र यादी वाचण्याचे काम आपले.

जुन्या उपकरणांची नक्कल सांभाळण्याची दुसरी बाजूही आहे. 2015 मध्ये ‘व्हेनम’ नावाने गाजलेला सुरक्षा-दोष क्यूएमूच्या फ्लॉपी-नियंत्रकाच्या कोडमध्ये होता आणि तो 2004 पासून तेथे पडून होता. फ्लॉपी जोडलेली नसली तरी धोका टळत नव्हता. तो केव्हाच दुरुस्त झाला, पण माझ्या यंत्रात असाच जुना कोड भरलेला असल्याने मी त्याचे नेटवर्क कार्डच काढून टाकले आहे. पेजमेकरमधून निघालेली पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची फाइल पेनड्राइव्हवर बाहेर येते आणि डेबियनवरील घोस्टस्क्रिप्ट तिची पीडीएफ करते. स्मृतीच्या हाताळणीतील असे दोष घडूच नयेत यासाठी क्यूएमू 9.2 पासून काही उपकरणे रस्ट भाषेत लिहिण्याचा प्रयोग सुरू आहे. शिवाय 2025 मध्ये एआयने लिहिलेला कोड न स्वीकारण्याचे धोरण क्यूएमू प्रकल्पाने घेतले, कारण प्रत्येक बदलाखाली ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ अशी सही लागते आणि अशा कोडच्या बाबतीत ती प्रामाणिकपणे करणे अवघड ठरते. काहींना हे हेकट वाटेल. मला वाटत नाही.

तक्रारी आहेत. आभासी यंत्राची डिस्क ज्या फाइलीत असते ती क्यूकाऊ2 प्रकारची फाइल फुगते आणि आपणहून आटत नाही; माझी 9 जीबीची फाइल 31 जीबी झाली, आणि एक्सपीला मोकळी जागा परत सांगताच येत नसल्यामुळे आत शून्ये भरून बाहेर तिची नवी प्रत काढावी लागली. व्हर्ट-मॅनेजरची वाढ मंदावलेली जाणवते. आतल्या एक्सपीची स्क्रीन आणि कॉपी-पेस्ट ज्या स्पाइस या सॉफ्टवेअरवर चालते ते रेड हॅट या लिनक्स कंपनीने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सच्या 9व्या आवृत्तीतून वगळले आहे. डेबियनमध्ये ते आहे, पण मोठ्या कंपनीने हात काढून घेतलेल्या भागाकडे यापुढे कोण किती लक्ष देईल, ही धाकधूक राहतेच. दस्तऐवज विपुल आहेत, परंतु ते मुख्यतः जाणकारासाठी लिहिलेले आहेत. आमच्या केंद्रातल्या मुलीला मी मराठीत दोन पानांचे टिपण करून दिले, तेव्हा कोठे ती एकटीने यंत्र सुरू-बंद करू लागली.

तिच्याच हातून सध्या रोज दुपारी एक तास जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालते. आतापर्यंत 41 पुस्तके झाली आहेत, 112 बाकी आहेत, आणि टिपणाच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने ‘डिसेंबर 2028’ लिहून ठेवले आहे.