५० ची लेन्स घेऊ का ८५ ची? आधी बॅगेतली ५५-२५० लावून बघ

मावसभावाचा फोन आला, दादा, बाहेर पोर्ट्रेट काढायला ५० एमएम एफ १.८ घेऊ का ८५ एफ १.८? त्याच्याकडं कॅननची क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), १८-५५ आणि ५५-२५० या झूम लेन्स आहेत. एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, तो जेवढा मोठा तेवढं लांबचं मोठं दिसतं. हेच बरेच जण विचारतात म्हणून इथं लिहितोय.

पहिलं बघायचं ते जागा. कमरेपर्यंतच्या उभ्या फ्रेमला ५० वर साधारण साडेसहा फूट मागं जावं लागतं, ८५ वर अकरा. डोक्यापासून पायापर्यंत माणूस घ्यायचा तर ५० ला पंधरा आणि ८५ ला पंचवीस फूट, आता कोल्हापुरात महाद्वार रोडला पंचवीस फूट मोकळे कुठनं आणणार, मधनं माणसं जातच राहतात. रंकाळ्याच्या काठावर नाहीतर पन्हाळ्यावर मात्र ८५ लई भारी चालते.

चेहऱ्याचा आकार लेन्समुळं नाही, अंतरामुळं बदलतो. १८ वर तीच कमरेपर्यंतची फ्रेम घ्यायची तर अडीच फुटांच्या आत जावं लागतं, मग नाक मोठं दिसतं. ५० आणि ८५ दोन्हीत चेहरा छानच येतो.

आता अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफ नंबर जेवढा लहान तेवढं ते मोठं. बहिणीचा फोटो घेतला होता, नऊवारी, नथ, गळ्यात साज, ५० लावून चार फुटांवरनं, एफ १.८. डोळे कडक शार्प आले पण नथीचे मोती मऊ पडले, कारण एवढ्या जवळनं फोकसमध्ये जेमतेम चार सेंटीमीटर राहतं, त्यातलं डोळ्याच्या पुढं निम्मंच. एफ ४ केल्यावर ते दुपटीच्या वर गेलं आणि मोती न् मोती मोजता आला. ८५ घेतली तरी तीच फ्रेम, तेच अपर्चर ठेवलं तर ही खोली जवळपास तेवढीच राहते, फक्त मागचं सगळं मोठं होऊन येतं म्हणून जास्त ब्लर वाटतं. आणि दुपारच्या कडक उन्हात एफ १.८ ला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० एवढा कमी ठेवला तरी १/८००० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, साध्या बॉडी १/४००० लाच थांबतात, त्यामुळं सावली शोधायची नाहीतर एफ २.८ करायचं.

आता खरं सांगायचं ते हे. लांबचं बॅकग्राऊंड किती ब्लर होणार ते, फ्रेम तीच असेल तर, फोकल लेंथला एफ नंबरनं भागून कळतं. ५० एफ १.८ चे २८, ८५ एफ १.८ चे ४७ आणि तुझ्या ५५-२५० च्या २५० टोकाला एफ ५.६ चे ४५, म्हणजे ८५ चा ब्लर तुझ्या झूममध्ये आधीच आहे की! रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस मागं मोठा हवा असेल तर कमरेपर्यंतची फ्रेम तेहतीस फुटांवरनं २५० ला घे, शटर १/४०० च्या खाली नको. संध्याकाळी उजेड गेला की मात्र झूम हात टेकते, तिथं एफ १.८ च लागतं.

म्हणून भावा, तू ५० घे. स्वस्त आहे, घरात, गल्लीत, अंधारात चालते. ८५ चे पैसे घालायच्या आधी एक रविवार रंकाळ्यावर झूम २५० ला ठेवून काढ, आणि दिवे लागायच्या वेळी ती कमी पडली तरच ८५ बघ.