वसाहतीतल्या नेमणुका: लघुप्रबंधासाठी फिलिपिन्स घ्यावे की पोर्तो रिको?

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेने परक्या भूमीवर राज्य कसे चालवले आणि त्या राज्यातल्या जागा कोणाला, कशाच्या बळावर मिळाल्या, या विषयावर लघुप्रबंध लिहायचा म्हटले की विद्यार्थ्यापुढे बहुधा दोन नावे येतात: फिलिपिन्स आणि कॅरिबियन समुद्रातले पोर्तो रिको बेट. 10 डिसेंबर 1898 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या तहाने हे दोन्ही प्रदेश स्पेनकडून अमेरिकेकडे आले, दोन्हीकडे आधी लष्करी अंमल आणि मग मुलकी राज्य आले आणि दोन्हीकडे सर्वोच्च अधिकारी वॉशिंग्टनहून नेमला जाई. एवढ्या साम्यामुळे कोणतेही एक घेतले तरी चालेल, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. या दोन ठिकाणी नेमणुकीचे राजकारण वेगवेगळ्या थरांवर चालले आणि तुमचा प्रश्न कोणत्या थराविषयी आहे, यावरच निवड ठरायला हवी.

आधी थोडी पार्श्वभूमी. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने टपालखात्यापासून जकात कचेरीपर्यंत सर्वत्र आपली माणसे बसवायची, ही अमेरिकेतली जुनी रीत होती. 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूस सरकारी जागा न मिळाल्याने बिथरलेला होता. त्यानंतर 1883 च्या पेंडलटन कायद्याने काही जागांसाठी स्पर्धापरीक्षा आली आणि पुढे त्या जागांची संख्या वाढत गेली. नव्या वसाहती हाती आल्या तेव्हा ही सुधारणा अजून कोवळी होती, आणि मायदेशी बंद होऊ लागलेले दार समुद्रापलीकडे पुन्हा उघडेल, अशी सुधारणावाद्यांना रास्त भीती होती.

फिलिपिन्समध्ये या भीतीला अगदी आरंभीच उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. 1900 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांनी मनिलाला पाठवलेल्या आयोगाचे अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट हे संघीय न्यायाधीश होते. इतर चार सदस्यांपैकी डीन वूस्टर प्राणिशास्त्रज्ञ, बर्नार्ड मोझेस कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक, हेन्री आइड हे सामोआत न्यायाधीश म्हणून काम केलेले आणि ल्यूक राइट हे टेनेसीतले वकील. हे सगळे राजकीय निर्णयाने नेमलेले होते, यात शंका नाही. पण पक्षाचे काम केल्याचे बक्षीस म्हणून निवडलेली ही माणसे नव्हती. या आयोगाच्या हाती 1 सप्टेंबर 1900 पासून कायदे करण्याची सत्ता आली आणि त्याच महिन्यात त्याने केलेला पाचवा कायदा नागरी सेवेचा होता. स्पर्धापरीक्षेने भरती करावी आणि पात्रता सारखी असेल तिथे फिलिपिनो उमेदवाराला आधी घ्यावे, असे त्यात ठरवले होते. बेटांवर युद्ध चालू असताना आणि लष्करी गव्हर्नर आर्थर मॅकार्थर सत्ता सोडायला नाखूश असताना, इतक्या लवकर हा कायदा व्हावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यामागे परोपकार होता असे मी म्हणणार नाही. वॉशिंग्टनहून येणाऱ्या शिफारसपत्रांना तोंड द्यायला टाफ्ट यांना कायद्याची ढाल हवी होती, असे मानणे मला अधिक पटते.

या ढालीमुळे फिलिपिन्समध्ये खालची नोकरशाही आणि वरची राजकीय फळी यांच्यात फट पडली, आणि ही फटच तुमच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते. 1901 मध्ये मुलकी गव्हर्नर झालेल्या टाफ्ट यांच्यानंतर राइट, आइड, स्मिथ आणि फोर्ब्ज असे एकामागून एक आलेले सारे प्रमुख आयोगाच्या कामात मुरलेले होते. ती साखळी 1913 मध्ये तुटली. डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य फ्रान्सिस बर्टन हॅरिसन यांना नेमले. हॅरिसन यांना वसाहतीच्या कारभाराचा काहीही अनुभव नव्हता. त्यांच्या नावाला बळ दिले ते वॉशिंग्टनमधले फिलिपिन्सचे प्रतिनिधी मान्वेल केसोन यांनी. निव्वळ राजकीय म्हणावी अशी ही नेमणूक, पण तिचा परिणाम असा की 1913 मध्ये सरकारी सेवेत 2,623 अमेरिकन आणि 6,363 फिलिपिनो होते, तिथे हॅरिसन यांची कारकीर्द संपताना अमेरिकनांची संख्या 614 वर आली आणि फिलिपिनोंची 13,240 वर गेली. अनुभवी माणसांनी जे हळूहळू करायचे ठरवले होते, ते राजकीय वशिल्याने आलेल्या माणसाने आठ वर्षांत करून दाखवले. गुणवत्तेची नेमणूक चांगली आणि राजकीय नेमणूक वाईट, एवढ्याच भांडवलावर प्रबंध लिहायला निघालेल्याची इथे चांगलीच अडचण होते आणि ती व्हायलाच हवी.

1921 मध्ये रिपब्लिकन परतले आणि लेनर्ड वूड हे सेनानी गव्हर्नर जनरल झाले. मनिलाच्या पोलिसांतल्या एका अमेरिकन गुप्तहेराला निलंबित करण्यात आले होते. न्यायालयात तो सुटला आणि वूड यांनी त्याला पुन्हा कामावर घेतले, या कारणावरून जुलै 1923 मध्ये फिलिपिनो मंत्र्यांनी एकत्र राजीनामे दिले. एका पोलिसाच्या नोकरीवरून मंत्रिमंडळ कोसळते, याचा अर्थ तोवर नेमणुकीचा अधिकार हाच स्वराज्याचा खरा प्रश्न झाला होता.

पोर्तो रिकोत ही फट नाही. तिथे राजकीय नेमणूक थेट कारभाराच्या अंगावर बसलेली दिसते. 12 एप्रिल 1900 च्या फोरेकर कायद्याने गव्हर्नर, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि अकरा जणांची कार्यकारी परिषद हे सर्व राष्ट्राध्यक्षांनी सेनेटच्या संमतीने नेमायचे ठरले. अकरांपैकी सहा जण खातेप्रमुख: सचिव, ॲटर्नी जनरल, खजिनदार, हिशेबतपासनीस, अंतर्गत खात्याचे आयुक्त आणि शिक्षण आयुक्त. उरलेल्या पाच जागांवर तरी बेटावरचेच रहिवासी असावेत, अशी अट होती. हीच परिषद विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह म्हणूनही बसे. म्हणजे शिक्षण आयुक्त सकाळी आपल्या खात्याचा कारभार पाही आणि दुपारी त्याच खात्याच्या विधेयकावर मत देई. लोकांनी निवडलेले 35 प्रतिनिधी कनिष्ठ सभागृहात काहीही मंजूर करोत, ते या नेमलेल्या बहुमतापुढे अडे. फिलिपिन्समध्येही 1907 नंतर आयोग वरिष्ठ सभागृह होता, हे खरे. पण तिथे आयोगाखाली परीक्षेने भरलेली, वाढत जाणारी नोकरशाही उभी होती, तर पोर्तो रिकोत नागरी सेवेचा कायदा यायला त्याहून बराच अधिक काळ गेला.

या रचनेचा पहिला फटका पहिल्याच वर्षी बसला. मतदारसंघांची आखणी परिषदेच्या हातात होती आणि 1900 मध्ये ती बेटावरच्या रिपब्लिकन पक्षाच्या सोयीची झाली, असा आरोप करून फेडरल पक्षाच्या दोन सदस्यांनी परिषद सोडली. पक्षाने निवडणुकीवर बहिष्कार घातला आणि पहिले सभागृह जवळजवळ विरोधकांविना भरले. नेमलेल्या माणसांनी निवडणुकीचे क्षेत्रच आखावे, हा प्रकार इतक्या स्पष्टपणे मी अन्यत्र वाचलेला नाही.

दुसरा प्रसंग 1909 चा आहे आणि दोन्ही प्रदेशांना जोडणारा म्हणून तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. परिषद आपली विधेयके सतत फेटाळते म्हणून युनियन पक्षाच्या ताब्यातल्या कनिष्ठ सभागृहाने अंदाजपत्रक मंजूर न करताच अधिवेशन संपवले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते तेच टाफ्ट, फिलिपिन्सचे पहिले मुलकी गव्हर्नर. त्यांनी काँग्रेसकडे मागणी केली आणि जुलै 1909 मध्ये ओल्मस्टेड दुरुस्ती झाली: अंदाजपत्रक मंजूर झाले नाही तर आदल्या वर्षीच्या रकमा आपोआप मंजूर धराव्यात. 1902 च्या फिलिपिन्स कायद्यात अशीच तरतूद आधीपासून होती. एका वसाहतीत घडवलेले हत्यार दुसरीकडे असे वापरले गेले. त्याच वर्षी पोर्तो रिकोचा कारभारही युद्धखात्यातल्या बेटांच्या विभागाकडे आला, जिथून फिलिपिन्सचा कारभार आधीच चालत होता. माणसेही फिरत: 1904 ते 1907 या काळातले गव्हर्नर बीकमन विन्थ्रॉप आणि 1909 ते 1913 मधले जॉर्ज कोल्टन हे दोघे फिलिपिन्समध्ये काम करून पोर्तो रिकोला आले होते.

आणि मग 1921 मध्ये आले मॉन्ट राइली. कॅन्सस सिटीच्या या गृहस्थांनी हार्डिंग यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी काम केले होते आणि गव्हर्नरपद हे त्याचे फळ होते. शपथविधीच्या भाषणातच त्यांनी बेटावर अमेरिकेखेरीज दुसऱ्या कोणत्याही झेंड्याला जागा नाही असे सुनावले, स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यांना पदे देणार नाही अशी भूमिका घेतली आणि बेटाच्या सेनेटचे अध्यक्ष अंतोनियो बार्सेलो यांच्याशी उघड वैर धरले. सार्वजनिक पैशाच्या वापरावरून त्यांची चौकशी झाली आणि 1923 मध्ये त्यांना जावे लागले. 1917 च्या जोन्स कायद्याने पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व आणि लोकांनी निवडलेले सेनेट दिले होते. तरीही गव्हर्नर नेमणारा हात वॉशिंग्टनचाच राहिला, म्हणून राइली शक्य झाले. बेटावर जन्मलेला पहिला मुलकी गव्हर्नर 1946 मध्ये नेमला गेला, त्याच वर्षी जेव्हा फिलिपिन्स स्वतंत्र झाले.

मराठी वाचकाला इथे मुंबई इलाख्याची आठवण होणे साहजिक आहे: ब्रिटिश राजकारणातून आलेला गव्हर्नर वर आणि लंडनच्या परीक्षेने आलेले आय.सी.एस. अधिकारी खाली. फिलिपिन्सला ही चौकट बऱ्यापैकी लागू पडते. अमेरिकनांपुढेही ब्रिटिश भारताचे उदाहरण होते. म्हणूनच माझी सूचना अशी, की ज्याने भारतीय नोकरशाहीवर आधी काही वाचले आहे त्याने फिलिपिन्स घेतल्यास त्याला भारतीयीकरण आणि फिलिपिनीकरण यांची तुलना करता येईल आणि तिथे नवे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पोर्तो रिकोवर मात्र ही चौकट लादू नये. तिथे मधला सनदी वर्ग एवढा पातळ होता की आय.सी.एस.चा दाखला दिशाभूल करतो.

साधनांचा विचार केला तर फिलिपिन्सचे पारडे जड आहे. आयोगाचे वार्षिक अहवाल इंग्रजीत अनेक खंडांत छापलेले आहेत. दोन्ही प्रदेशांचा युद्धखात्यातला पत्रव्यवहार अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एकाच संग्रहात असला, तरी भारतात बसून छापील साधनांवरच प्रबंध पुरा करायचा असेल तर फिलिपिन्स सोयीचे. पण ही विपुलताच घातक ठरते. 1903 च्या जनगणनेत 76 लाख लोकसंख्या, हजारो बेटे, लष्करी प्रांत, चर्चच्या जमिनींची खरेदी, मोरो या मुस्लिम लोकांच्या प्रदेशाचा वेगळा कारभार: एका वर्षाच्या प्रबंधात यातले काय सोडायचे हे ठरवण्यातच सहा महिने जातात. साडेनऊ लाख लोकसंख्येच्या पोर्तो रिकोत अकरा माणसांची एक परिषद घेऊन, 1900 ते 1917 पर्यंत तिच्यात कोण बसले, कोठून आले आणि कशावर मत दिले, हे एकट्या विद्यार्थ्याला नीट तपासता येते. बदल्यात स्पॅनिश वाचता आली पाहिजे. फेडरल पक्षाचे नेते मुन्योस रिवेरा यांचे ‘ला देमोक्रासिया’सारखे वृत्तपत्र न वाचता फक्त गव्हर्नरांच्या अहवालांवर लिहिले तर नेमलेल्यांचीच बाजू हाती येईल.

तेव्हा नेमणूक कायद्याच्या रचनेत कशी घुसते हा तुमचा प्रश्न असेल आणि स्पॅनिश शिकण्याची तयारी असेल, तर मी पोर्तो रिको घ्या म्हणेन आणि 1909 च्या अंदाजपत्रकापासून सुरुवात करा म्हणेन. नोकरशाही कशी उभी राहते आणि कशी हस्तांतरित होते हा प्रश्न असेल, किंवा स्पॅनिश शिकायला वेळ नसेल, तर फिलिपिन्स घ्या, पण फक्त 1913 ते 1923 ही हॅरिसन आणि वूड यांची वर्षे. टाफ्ट यांच्या काळावर आधीच इतके लिहिले गेले आहे की तिथे पहिल्या प्रबंधाला जागा सापडणे कठीण आहे.