सिम्स ४ चा कंटाळा आलाय? कंगाल, वारसा की आळीपाळी

सिम्स ४ म्हणजे ‘सिम’ नावाच्या आभासी माणसांचं घर-संसार चालवायचा व्हिडिओ गेम. बहुतेकांचा तो एकाच ठिकाणी येऊन बंद पडतो. घर बांधून, सजवून झालेलं असतं. नवरा-बायको दोघंही नोकरीत दहाव्या पायरीवर, खात्यात चार लाख सिमोलियन (खेळातलं चलन). सिम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत जलद वेगात उठतो, आंघोळ करतो, कामाला जातो, आणि तुम्ही हातातल्या फोनवर रील बघत असता. त्या घरात आता काही अडतच नाही, मग बघण्यासारखं घडणार तरी काय?

अशा वेळी हात आधी नव्या पॅककडे (खेळाला जोडायच्या विकतच्या संचाकडे) जातो. मूळ खेळ १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, खिशाला चाट बसते ती पॅकचीच. पण नव्या पॅकमधल्या वस्तू येऊन बसतात त्याच श्रीमंत घरात. २०२१ मधलं फॅशन स्ट्रीट किट मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरून बेतलेलं आहे. हौसेला छान आहे, पण कपडे घालून बघायला एक संध्याकाळ पुरते. त्यापेक्षा खेळण्याची पद्धत बदला. पद्धत निवडताना प्रश्न एकच विचारायचा: आपल्या खेळात टंचाई कशाची उरलेली नाही? पैशाची, वेळेची, की पुढे काय होणार हे माहीत नसण्याची?

तुलनेसाठी एकच प्रसंग घेऊ. स्वयंपाकात पहिल्या-दुसऱ्या पातळीवरचा सिम रात्री अंडी करायला जातो आणि शेगडी पेट घेते. (कौशल्य कमी, तेवढी आगीची शक्यता जास्त.) चीट (खेळाचे नियम वळवणारा कोड) मारून खेळणाऱ्याला ही आग कितीला पडते? मदरलोड टाइप केलं, ५०,००० जमा झाले, नवी शेगडी आली. एका मिनिटाचं काम. आता हीच आग बाकीच्या पद्धतींत बघा.

सुरू करण्याआधी

जुनं सेव्ह (जपून ठेवलेला खेळ) पुसू नका. ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने वेगळी प्रत काढा आणि बदल तिच्यातच करा. मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या, खेळ बदलणाऱ्या फाइली) वापरत असाल तर पद्धत बदलणं आणि नवे मॉड टाकणं एकाच दिवशी करू नका, नाहीतर बिघडलं कशामुळे ते कळणार नाही. मोठं अपडेट आलं की खेळ मॉड स्वतःहून बंद करतो. ते चालू करण्याआधी नव्या आवृत्तीशी जुळणारी फाइल आली आहे का ते पाहा. तरीही गडबड असेल तर निम्मे मॉड बाहेर काढून खेळ सुरू करायचा, दोष उरला तर आत राहिलेल्यांचे परत दोन भाग करायचे, गेला तर बाहेर काढलेल्यांचे. कंटाळवाणं आहे, पण दोषी फाइल अशीच सापडते.

कंगाल सुरुवात

एकटा सिम नव्या जागी जाताना २०,००० सिमोलियन घेऊन येतो, आणि गरिबीचा खेळ तिथेच संपतो. म्हणून न्यूक्रेस्ट या खेळातल्या गावात (तिथले सगळे प्लॉट रिकामेच असतात) लहानात लहान प्लॉट घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबून चीटची पट्टी उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘मनी’, एक जागा सोडून शून्य. खातं रिकामं. कन्सोलवर चीट वापरल्या की त्या सेव्हमध्ये ट्रॉफी मिळत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

पहिला आठवडा खरंच मजेचा जातो. झोप बागेतल्या बाकावर, आंघोळ जिममध्ये, कॉम्प्युटर लायब्ररीतला. कमाई म्हणजे रानातली फळं तोडणं, दगड फोडणं, मासे पकडणं आणि बेडूक. सामानात दोन बेडूक असले की त्यांच्यापासून तिसरा तयार करता येतो, कधी कधी तो आईबापांपेक्षा महाग निघतो. पहिली खरेदी पलंगाचीच करा. बाकावर डुलकी लागते, पण अंगातला शीण जात नाही, आणि थकलेला सिम कामावर चिडचिडा जातो. मग बढतीचं नाव नको. भिंती-छप्पर सगळ्यांत शेवटी.

इथे आगीची किंमत? दोन-तीन दिवसांची कमाई, आणि तोवर फळांवर गुजराण. शेगडीसमोर उभं राहून खेळाडूच्या पोटात गोळा येतो तो याच पद्धतीत.

बिघडतं कुठे, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. बागकाम आणि चित्रकला ही या खेळातली पैसे छापायची यंत्रं आहेत. स्ट्रॉबेरीवर स्नॅपड्रॅगनचं कलम बांधलं की ड्रॅगनफ्रूट मिळतं, आणि त्याची आठ-दहा झाडं उभी राहिली की नोकरीची गरजच उरत नाही. प्रेरित मनःस्थितीत काढलेल्या चित्रांचंही तेच. दोन्हींपैकी एक पहिल्याच दिवशी वर्ज्य करा. शिवाय दर रविवारी खात्यात ५,००० पेक्षा जास्त असतील तर ‘मनी ५०००’ टाकून जास्तीचे उडवायचे. हे स्वतःवरच लादलेलं कर्जफेडीचं वेळापत्रक समजा. हा नियम नसेल तर कंगाल सुरुवात पंधरा तासांच्या आत जुन्या श्रीमंत घरात जाऊन मिळते.

वारशाची पद्धत

सिम्स २ च्या काळापासून चाहत्यांनी रुजवलेला हा प्रकार. एक मूळ पुरुष किंवा मूळ स्त्री, एकच प्लॉट, दहा पिढ्या, चीट नाहीत. वारस कोण ते आधी ठरवायचं: थोरला, थोरली, धाकटं किंवा चिठ्ठी टाकून. ठरवलं की बदलायचं नाही, मग थोरला कितीही आळशी निघो.

या पद्धतीचं सगळं यश आयुर्मानाच्या एका सेटिंगवर (शॉर्ट, नॉर्मल की लाँग) आहे, आणि लोक नेमकं तेच चुकवतात. सिमचा एक दिवस पहिल्या वेगात साधारण २४ ते २५ मिनिटं चालतो. नॉर्मल आयुर्मानात तरुणपण २४ दिवसांचं, म्हणजे वेग न वाढवता जवळजवळ दहा तास. लाँग आयुर्मानात तेच ९६ दिवस होतं, म्हणजे नुसत्या तरुणपणाला अडतीस-चाळीस तास! ‘सिमला सगळं जगायला मिळावं’ म्हणून लाँग निवडणाऱ्यांना तिसाव्या दिवशी कंटाळा का येतो, ते या हिशोबात आहे. शॉर्टमध्ये तरुणपण १२ दिवसांचं. तिथे मात्र एकाच कौशल्याची दहावी पातळी गाठेपर्यंत केस पांढरे व्हायला लागतात, आणि निवड करावी लागते: बढती की मूल, व्हायोलिन की लग्न. आमचं मत स्पष्ट आहे, कंटाळलेल्या खेळाडूने शॉर्टनेच सुरुवात करावी. अपवाद एकच: मार्च २०२३ मध्ये आलेली रांगत्या बाळांची अवस्था ज्यांना आवडते त्यांनी नॉर्मल ठेवावं, कारण शॉर्टमध्ये बाळ पालथं पडायला शिकतं न शिकतं तोच वाढदिवस येतो.

आग इथे वेगळीच महाग पडते. शेगडी परत घेता येईल, पण वारस जन्माला येण्याआधी मूळ पुरुष त्या आगीत गेला तर वंश तिथेच बुडाला.

चुका ठरलेल्या आहेत. घरात जास्तीत जास्त आठच सिम मावतात. आजी-आजोबा, आई-बाप आणि चार भावंडं झाली की पुढच्या बाळासाठी प्रयत्न करण्याचा पर्यायच मिळत नाही. वारस नसलेल्या भावंडांना तरुण होताच वेगळं घर द्या. दुसरी अडचण तिसऱ्या पिढीत येते, बापजाद्यांची इस्टेट. नियम मोडायला हरकत नसेल तर प्रत्येक वारसाला ५०० सिमोलियन हातात देऊन नव्या प्लॉटवर पाठवा. कट्टर लोक याला वारसा म्हणणार नाहीत, पण खेळ जिवंत राहतो. तिसरी अडचण गावाची. तुमचं घर म्हातारं होतंय आणि शेजारी मात्र तसेच, किंवा उलट शेजारी मरून गाव अनोळखी चेहऱ्यांनी भरलेलं. गेम ऑप्शन्समधल्या गेमप्लेत न खेळलेल्या सिमचं वय वाढणं चालू ठेवा आणि नेबरहुड स्टोरीजमध्ये (तुम्ही खेळत नसलेल्या घरांत आपोआप काय घडावं ते ठरवायची सोय) बाकीच्या घरांना लग्न, मूल, दत्तक यांची मुभा द्या. नाहीतर सातव्या पिढीला लग्नासाठी नात्याबाहेरचं माणूस शोधताना नाकी नऊ येतात.

‘नॉट सो बेरी’ हे याचंच रंगीत भावंड. प्रत्येक पिढीला एक रंग, ठरलेली नोकरी, ठरलेला स्वभाव. निर्णय घ्यायचा कंटाळा असेल तर उत्तम. पण पहिल्याच पिढीला शास्त्रज्ञाची नोकरी हवी आणि ती गेट टू वर्क पॅकमध्ये आहे. फुकट खेळ असणाऱ्यांनी नोकऱ्या बदलून घ्याव्यात.

आळीपाळी

इथे चार-सहा घरं तुमचीच, प्रत्येकाला ठरावीक दिवस. ज्यांना गोष्टीत रस आहे, पण एकाच कुटुंबात जीव रमत नाही, त्यांच्यासाठी. प्रत्येक घराला सात दिवस आणि घरं चार, म्हणजे २८ दिवसांची एक फेरी.

सेटिंग चुकलं तर ही पद्धत सगळ्यांत वाईट फसते. खेळलेल्या सिमचं वय वाढण्यासाठी तीन पर्याय आहेत: हो, नाही, आणि फक्त चालू घर. ‘हो’ ठेवलंत तर तुम्ही पहिल्या घरात असताना चौथ्या घरातलं पोर तुमच्याशिवायच मोठं होतं. ‘फक्त चालू घर’ निवडायचं आणि दिवसांचा हिशोब काटेकोर ठेवायचा. एका घरात रमून वीस दिवस घालवले की तिथला मुलगा कॉलेजच्या वयाचा आणि शेजारचा त्याचा बालमित्र अजून शाळेत. वही ठेवा. घर, दिवस, कोण कोणावर रुसलंय, एवढ्या तीन ओळी पुरतात. नेबरहुड स्टोरीजमध्ये ‘माझी घरं’ बंद आहेत ना हेही बघा, नाहीतर परत आल्यावर नायकाने नोकरी सोडलेली असायची.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक खास सोय आहे. डिसेंबर २०२३ च्या फॉर रेंट पॅकमध्ये एका प्लॉटवर सहापर्यंत बिऱ्हाडं थाटता येतात. लांब गॅलरी, खाली अंगण, सहा दारं काढा की चाळ तयार. शेजाऱ्यांचा वावर भिंतीपलीकडेच असल्याने आळीपाळी इथे जास्त रंगते. पॅक नसेल तर एका रस्त्यावरची चार घरं घ्या, काम भागतं.

आणि आग? इथे तिची गोष्ट होते. घर जळालं की घरं सांभाळायच्या पॅनेलमधून त्या सिमला आठवडाभर बहिणीच्या घरात हलवा. बहिणीचा नवरा त्याला सहन करतो की नाही, हे पुढच्या आठवड्यात तुम्हीच त्या नवऱ्याच्या बाजूने खेळता. बाकी कुठल्या पद्धतीत ही मजा नाही.

हात आखडून

चौथी पद्धत थोडक्यात. घरातल्या फक्त एका सिमला आज्ञा द्यायची, बाकीचे स्वतःच्या मर्जीचे. त्या एकाच्याही फक्त इच्छा पुऱ्या करायच्या. जुलै २०२२ मध्ये इच्छा आणि भीती खेळात आल्यापासून हे जमतं. आग लागली की बाकीचे किंचाळत उभे राहतात आणि तुमचा एकटा सिम धावतो. वर्षानुवर्षं सगळं काटेकोर चालवणाऱ्यांना पहिला तास असह्य होतो. मग भांडी न धुणाऱ्या नवऱ्याबद्दल जेव्हा खराच राग येतो, तेव्हा पद्धत लागू पडली समजायचं.

फक्त घरं बांधणाऱ्यांना यातलं काही नको. प्लॉट आणि घरं फुकट करणारी फ्रीरिअलइस्टेट चीट मारा आणि बिनधास्त बांधा.

मग निवडायचं काय?

आठवड्याला तीन-चार तासच मिळत असतील तर कंगाल सुरुवात. वारशाला एवढ्या वेळात गती येत नाही, दुसऱ्या पिढीतच हात सुटतो. रोज तासभर बसणाऱ्यांना शॉर्ट आयुर्मानाचा वारसा. जुन्या सेव्हमधल्या माणसांवर जीव असेल, ती सोडवत नसतील, तर आळीपाळी. तिथे नव्याने सुरुवात करावी लागत नाही, आहेत तीच घरं वहीत उतरवायची. पॅक खूप आणि वापर शून्य असेल तर नॉट सो बेरी.

कंगाल आणि वारसा एकत्र उत्तम जमतात, मूळ पुरुष शून्यातून उभा करायचा. वारसा आणि आळीपाळी मात्र एकाच सेव्हमध्ये नको. एकीला सगळ्या गावाचं वय एका लयीत वाढायला हवं, दुसरीला फक्त चालू घराचं, आणि दोन्ही सांभाळायला गेलात की चौथ्या पिढीत नातवाचा वर्गमित्र त्याच्या आजोबांच्याच वयाचा निघतो. असा घोळ झालाच तर मुख्य मेनूत सेव्ह लोड करताना ‘रिकव्हर’चा पर्याय मिळतो. प्रत्येक सेव्हच्या मागच्या पाच प्रती खेळ स्वतःच ठेवतो. पण घोळ झाल्यावर पुन्हा पुन्हा सेव्ह करत राहिलात तर त्या पाचही प्रती घोळाच्याच होतात, तेव्हा आधी खेळ बंद करा, सेव्ह न करता.