८x४२ दुर्बीण: नदीवरचे पक्षी बघायचे तर दहाच्या मागे लागू नका

ठाण्यात नौपाड्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानातून घेतली, आधी येऊरच्या जंगलात आणि मग हिवाळ्यात उत्तराखंडला कोसी नदीवर मनसोक्त वापरली, म्हणून खात्रीने लिहितेय. ८x४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी, १०x४२ म्हणजे दहापट. दुकानातले काका खरंच चांगले, म्हणाले ताई सगळे १०x४२ च मागतात पण तुम्ही दोन्ही घेऊन बाहेर जा आणि समोरच्या पाट्या वाचून बघा. दहाच्यात अक्षरं मोठी दिसली पण सारखी थरथरत होती, आठची शांत.

नदीवर तर हे जास्तच पटतं. पाण्याचा आवाज इतका असतो की पक्षी ओरडला तरी कळत नाही, सगळं नजरेनेच शोधायचं, त्यात आपण गोट्यांवर कसंबसं उभं आणि पक्षी पलीकडच्या काठाला, मग हात हलला की दहाच्यात चित्र जास्त हलतं. आयबिसबिल तर राखाडी गोट्यांत राखाडीच, हलला नाही तर समोर असून दिसत नाही, पण एकदा का ती खाली वळलेली लाल चोच सापडली की काळा चेहरा, छातीवरचा काळा पट्टा सगळं स्वच्छ! ब्राउन डिपर दगडावरून थेट पाण्यात बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो, आठच्यात एका वेळी जास्त जागा दिसते म्हणून तो परत सापडतो. प्लंबियस रेडस्टार्टचा नर निळसर राखाडी, विटकरी शेपटी सारखी पसरत मिटत बसलेला, कितीही वेळ बघा मन भरत नाही.

दरीत ऊन उशिरा येतं, तिथेही हीच बरी. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिमी, एवढा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, १०x४२ मध्ये ४.२ च. वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेलीच घ्या, थंडीत आतून धुकं धरत नाही. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) खाली करून पूर्ण गोल दिसतो का ते दुकानातच बघा, हे फार महत्त्वाचं.

सोबत आलेला पट्टा मात्र अगदी बेकार, तासाभरात मान काचते, दोन्ही खांद्यांवर भार घेणारा हार्नेस वेगळा घ्यावाच लागतो. बाकी दुर्बिणीला आणि दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच, फक्त शनिवार रविवार संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत काकांना नीट दाखवायला वेळ मिळत नाही.